रोही : अधिवास, वर्तन आणि पीकरक्षण – हाटपिपल्या परिसराच्या अनुषंगाने

मध्य प्रदेशातील देवास जिल्ह्यात, माळव्याच्या पठाराच्या दक्षिण अंगाला हाटपिपल्या हे तालुक्याचे गाव वसले आहे. भोवताली काळी, कसदार जमीन. खरिपात सोयाबीन आणि रब्बीत गहू व हरभरा ही येथील मुख्य पिके होत. हरभऱ्याला घाटे धरू लागले की या परिसरातील शेतकऱ्याच्या वाट्याला रात्रीची जागल येते. शेतात माच बांधून, शेकोटी पेटवून व डबे वाजवून तो ज्या जनावराला हुसकावीत असतो, त्याला माळव्यात रोजडा किंवा घोडारोज म्हणतात. हिंदीत नीलगाय आणि विदर्भ-मराठवाड्यात रोही या नावाने तोच प्राणी ओळखला जातो. काळ्या जमिनीचा पट्टा जसा माळव्यातून वऱ्हाडापर्यंत पसरला आहे, तसाच या प्राण्याचा आणि त्याच्यापासून होणाऱ्या नुकसानीचा प्रश्नही दोन्ही राज्यांत सारखाच आहे.

रोहीविषयी तक्रारी पुष्कळ ऐकू येतात. त्याच्या राहणीची माहिती मात्र फार थोड्यांना असते. तो कोठे विसावतो, केव्हा चरतो, कोणत्या वाटेने शेतात उतरतो आणि एकदा हुसकावल्यावर पुन्हा त्याच ठिकाणी का येतो, हे जाणून घेतल्याखेरीज पीकरक्षणावर केलेला खर्च व श्रम बव्हंशी वाया जातात. यास्तव या प्राण्याचा अधिवास व वर्तन यांचा येथे क्रमाने विचार केला आहे.

गाय नव्हे, मृगही नव्हे

नीलगाय हे नाव दिशाभूल करणारे आहे. हा प्राणी गोवंशातील गाय नव्हे. आणि चितळ, सांबर यांच्याप्रमाणे मृगकुळातीलही नव्हे. मृगकुळातील नराची शिंगे फाटे फुटलेली असतात व ती दरवर्षी गळून पुन्हा उगवतात. काळवीट, चिंकारा, चौशिंगा आणि रोही यांची शिंगे बिनफाट्यांची, आतून हाडाचा गाभा असलेली व जन्मभर टिकणारी असतात. इंग्रजीत या गटाला अँटिलोप म्हणतात. आशिया खंडातील अँटिलोपांमध्ये रोही हा आकाराने सर्वांत मोठा होय. त्याच्या शाखेतील आज जिवंत असलेला दुसरा एकच प्राणी आहे, तो म्हणजे आपल्याकडील लहानखुरा चौशिंगा. आफ्रिकेतील इलँड आणि कुडू हे त्याचे त्यामानाने जवळचे नातलग समजले जातात.

पूर्ण वाढलेल्या नराची खांद्यापाशी उंची सुमारे १२० ते १५० सेंटिमीटर असते आणि वजन अडीचशे किलोग्रॅमच्याही पुढे जाऊ शकते. मादी बरीच हलकी असते. पुढचे पाय मागच्यांपेक्षा लांब असल्याने पाठ खांद्यापासून पुठ्ठ्याकडे उतरती दिसते. घोडारोज या नावात हीच चण सुचविलेली आहे. नर वयात येताच निळसर राखी रंगाचा होतो. मादी व पाडसे पिवळसर तपकिरी असतात. गळ्यावर पांढरा पट्टा, गालांवर पांढरे ठिपके आणि खुरांच्या वरच्या बाजूस पांढरी कडी ही ओळखीची चिन्हे आहेत. नराच्या गळ्याखाली केसांचा झुबका लोंबतो. शिंगे नरालाच असतात आणि एवढ्या मोठ्या देहाच्या मानाने ती अगदीच आखूड, साधारण १५ ते २४ सेंटिमीटर लांबीची असतात.

भारतीय तर्कशास्त्राच्या अभ्यासकांना 'गवय' हा शब्द परिचित आहे. गाईसारखा दिसणारा रानातील पशू तो गवय, असे ऐकलेल्या माणसाला पुढे रानात तो पशू दिसतो आणि साम्यावरून त्याची ओळख पटते, हे उपमान प्रमाणाचे उदाहरण न्यायशास्त्रात दिले जाते. हा गवय नेमका कोणता, याविषयी एकमत नसले तरी काही अभ्यासक तो नीलगाय असल्याचे मानतात. साम्यावरून पडलेले नाव या प्राण्याला मात्र चांगलेच चिकटले. गाईच्या नावामुळे अनेक गावांत त्याच्यावर शस्त्र उचलणे पाप समजले जाते. या श्रद्धेचा परिणाम त्याच्या आजच्या संख्येवरही झालेला आहे.

अधिवास : माळरान, झुडपे आणि नाल्यांचे काठ

रोही हा घनदाट जंगलाचा रहिवासी नाही, ही त्याच्या अधिवासाविषयी पहिली लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट होय. सपाट किंवा हलक्या चढउताराची जमीन, मधूनमधून बाभूळ, बोर व पळस यांची झुडपे, गवताळ मोकळे पट्टे आणि जवळपास शेती, अशी जागा त्याला मानवते. मोकळ्या जागेत दूरवरचे दिसते आणि धोका जाणवताच धावता येते. झुडपांत दुपारची सावली व लपण मिळते. दोन्हींची सांगड जेथे पडते तेथे तो टिकून राहतो.

हाटपिपल्याच्या दक्षिणेस बागलीच्या बाजूने पठार संपून विंध्याचा उतार सुरू होतो आणि त्यापलीकडे नर्मदेचे खोरे लागते. याच डोंगराळ भागात कालीसिंध नदी उगम पावून उत्तरेकडे वाहते. देवास व सिहोर जिल्ह्यांच्या सीमेवरील खिवनी अभयारण्य हे या बाजूचे संरक्षित वन आहे. तथापि शेतकऱ्याला त्रास देणारे रोही रोज रात्री अभयारण्यातून चालून येतात, ही समजूत बरोबर नाही. पुष्कळसे कळप गावांच्या शिवारातच, नाल्यांच्या काठची शिंदीची व पळसाची बने, पडीक बरड आणि चरनोईची उरलीसुरली कुरणे यांच्या आश्रयाने वर्षभर वस्ती करतात. वनसीमेवर भिंत घातल्याने प्रश्न सुटत नाही, त्याचे कारण हेच आहे.

पाण्याच्या बाबतीत रोही काटक आहे. हिरवा पाला व ओला चारा मिळत असेल तर तो काही दिवस पाण्यावाचून राहू शकतो. उन्हाळ्यात मात्र पाणवठ्याभोवती त्याचा वावर वाढतो.

दिनक्रम आणि आहार

निर्धास्त असलेला रोही मुख्यत्वे दिवसा, सकाळी व सायंकाळी चरतो आणि भर दुपारी सावलीत रवंथ करीत बसतो. जेथे माणसांचा पिच्छा असतो तेथे तो आपले वेळापत्रक बदलतो. दिवसा झुडपांत बसून अंधार पडल्यावर शेतात उतरतो. म्हणजेच रात्रीचे चरणे ही त्याची मूळ प्रकृती नसून माणसाच्या सहवासात त्याने अंगी बाणविलेली सवय आहे. हा प्राणी सवयी चटकन बदलतो, हे पुढे उपायांचा विचार करताना ध्यानी ठेवणे अगत्याचे आहे.

तो गवतही खातो आणि झाडपालाही. गाय मुख्यतः खाली मान घालून चरते. रोही प्रसंगी मागच्या दोन पायांवर उभा राहून फांदीचा पाला ओरबाडतो. बोरे, बाभळीच्या शेंगा, फुले व कोवळे शेंडे त्याला प्रिय आहेत. पिकांपैकी हरभरा, मूग यांसारखी कडधान्ये त्याला विशेष आवडतात. कोवळा गहू व मोहरीही तो सोडीत नाही. त्याच्या पोटातून गेलेल्या शेंगांच्या बिया शेणाबरोबर दूरवर पडतात व रुजतात. बाभूळवर्गीय झाडांच्या प्रसाराला या प्राण्याचा असा हातभार लागतो. मात्र विलायती बाभळीसारखे उपद्रवी झाडही त्याच मार्गाने पसरते.

त्याची दृष्टी व श्रवण तीक्ष्ण असून घ्राणशक्ती त्या मानाने कमी समजली जाते. तो फारसा ओरडत नाही. धोका दिसल्यास खोकल्यासारखा तुटक आवाज काढतो आणि धावू लागतो. धावण्याचा वेग ताशी सुमारे ४५ ते ५० किलोमीटरपर्यंत जातो.

कळपाची रीत

वर्षाच्या बऱ्याच काळात नर व माद्या वेगवेगळे राहतात. माद्या व पाडसे यांचे लहान कळप असतात; तरुण नरांच्या वेगळ्या टोळ्या असतात; म्हातारे नर पुष्कळदा एकटेच हिंडतात. कळपात साधारणतः दहाच्या आत जनावरे असतात, परंतु चारा मुबलक असलेल्या ठिकाणी वीस किंवा त्याहून अधिक जनावरे एकत्र दिसतात. कळपाची घडण सैल असते. आज एकत्र दिसलेली जनावरे उद्या तशीच दिसतील असे नाही. म्हणून एकाच कळपाची दोन शिवारांत दोनदा मोजणी होण्याचा संभव असतो.

या प्राण्याची सर्वांत लक्षणीय सवय म्हणजे ठराविक जागी शेण टाकणे. एकाच ठिकाणी पुनःपुन्हा येऊन टाकलेल्या लेंड्यांचा मोठा ढीग साचतो. शेताच्या बांधावर, पायवाटेच्या कडेला किंवा मोकळ्या माळावर असे ढीग आढळतात. नर ते विशेष आवर्जून वापरतात. आपल्या हद्दीची खूण म्हणून त्यांचा उपयोग होत असावा, असे अभ्यासकांचे मत आहे. शेतकऱ्याच्या दृष्टीने हा ढीग म्हणजे रोहीच्या येण्याजाण्याच्या वाटेचा जाहीर फलकच होय.

नरांच्या झुंजीही पाहण्यासारख्या असतात. प्रथम ते मान ताठ करून, अंग बाजूने दाखवीत एकमेकांना धाक घालतात. तेवढ्याने भागले नाही तर गुडघे टेकून, माना एकमेकांवर दाबून रेटारेटी करतात. मान व छातीवरील कातडी फार जाड असल्याने आखूड शिंगांचे वार बहुधा निभावून जातात.

वीण आणि पाडसे

मादी साधारण दोन वर्षांची झाली की गाभण राहू शकते. गर्भकाळ सुमारे आठ महिन्यांचा असतो. मोठ्या देहाच्या प्राण्याला सहसा एकच पिलू होते. रोहीला मात्र जुळी होणे ही नेहमीची गोष्ट आहे. नवजात पाडसे पहिला महिनाभर गवतात किंवा झुडपात दडून असतात व आई चरून येऊन त्यांना पाजते. अशी पाडसे पिकात आढळल्यास ती सोडून दिलेली आहेत असे समजून घरी आणू नयेत. आई जवळपासच असते आणि माणसे दूर झाल्यावर परत येते.

वाघ हा पूर्ण वाढलेल्या रोहीचा मुख्य शत्रू. बिबट्या, रानकुत्री, तरस आणि लांडगे हे विशेषतः पाडसांना मारतात. पठारावरील शेतीच्या पट्ट्यात वाघ राहिलेला नाही आणि लांडगाही विरळ झाला आहे. जुळ्यांची वीण कायम आणि शत्रू नाहीसे, अशा स्थितीत संख्या वाढत जाणे स्वाभाविकच आहे.

शिकारीचा प्राणी

रोहीचा इतिहास हा दीर्घकाळ शिकारीचाच इतिहास आहे. बाबराने आपल्या आत्मचरित्रात हिंदुस्थानातील प्राण्यांची माहिती देताना घोड्याएवढी उंची, नराचा निळसर रंग, लहान शिंगे आणि गळ्याचा झुबका अशा खुणांसह नीलगाईचे वर्णन केले आहे. जहांगीर तर या शिकारीचा अतिशय शौकीन होता. नेमकी बंदूक रोखली असताना एक नोकर व दोन कहार मध्ये आल्याने नीलगाय निसटली, म्हणून त्याने त्या नोकराला जागीच ठार मारण्याची आणि कहारांच्या पायांच्या शिरा तोडण्याची आज्ञा दिली, ही हकीकत त्याने स्वतःच आपल्या आठवणींत नोंदविली आहे. हाच जहांगीर १६१७ साली धार जिल्ह्यातील मांडवगडावर कित्येक महिने मुक्कामास होता. त्याच्या दरबारातील चित्रकार मन्सूर याने रेखाटलेले मानले जाणारे नीलगाईचे चित्र आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे.

युरोपात या प्राण्याला पालास या शास्त्रज्ञाने १७६६ साली शास्त्रीय नाव दिले. पुढे इंग्लंडमध्ये नेलेल्या जिवंत नीलगाईंचे निरीक्षण करून विल्यम हंटर या शरीरशास्त्रज्ञाने १७७१ साली त्यांवर निबंध प्रसिद्ध केला. हल्ला करण्यापूर्वी नर गुडघे टेकतो, ही सवय त्याने तेव्हाच टिपून ठेवली होती.

विसाव्या शतकात हा प्राणी सातासमुद्रापलीकडे गेला. १९२० ते १९४० या दशकांत अमेरिकेतील टेक्सास प्रांतात किंग रँच या विस्तीर्ण पशुपालन क्षेत्रात नीलगाई सोडण्यात आल्या. तेथे त्या फोफावल्या आणि आज हजारोंच्या संख्येने आहेत. तेथे त्यांची शुल्क घेऊन शिकार होते. असे असूनही त्या कमी झालेल्या नाहीत. उलट गुरांच्या रोगाला कारणीभूत होणाऱ्या गोचिडांचा प्रसार त्यांच्यामार्फत होत असल्याची चिंता तेथील पशुवैद्यकांना भेडसावते.

आफ्रिकेतील नातलगांची स्थिती याहून निराळी आहे. इलँड हा तेथील अतिभव्य प्राणी. त्याच्या नराचे वजन रोहीच्या दुपटी-तिपटीहूनही अधिक भरते. तो चाऱ्याच्या शोधात दूरवर भटकतो. कुडू झाडीत दडून राहणे पसंत करतो. दक्षिण आफ्रिका व नामिबिया येथे असे प्राणी खाजगी कुरणांवर पाळून त्यांची शिकार व मांसविक्री करण्याचा व्यवसायच उभा राहिला आहे. तेथे प्राणी ज्या जमिनीवर राहतो, त्या जमिनीच्या मालकाला त्याच्यापासून उत्पन्न मिळते. आपल्याकडे रोहीला चारा शेतकऱ्याचा, आणि त्याच्यापासून मिळकत मात्र काहीच नाही. प्रश्नाचे मूळ या विषम स्थितीत आहे.

जमीन कशी बदलली

माळव्यात पूर्वी पावसाळ्यात काळ्या जमिनीचा मोठा भाग पडीक ठेवीत आणि जमिनीत मुरलेल्या ओलीवर हिवाळ्यात गहू-हरभरा घेत. त्या पडीक रानात पावसाळाभर गवत माजे. १९७० नंतर सोयाबीनचा प्रसार झाला व ही जमीन खरिपाखालीही आली. विंधन विहिरींनी रब्बीचे क्षेत्र वाढविले. पाण्याचा उपसा इतका झाला की १९९० साली देवास शहराला रेल्वेगाडीने पाणी आणावे लागले. पुढे २००६ पासून जिल्ह्यात शेततळ्यांची मोहीम निघाली. शेतकऱ्यांनी हजारो तळी खोदली आणि ओलिताची शेती पुन्हा सावरली. जिल्ह्याच्या दृष्टीने ही मोठीच उपलब्धी होय. रोहीच्या दृष्टीने मात्र तिचा अर्थ असा झाला, की पूर्वी ज्या ऋतूंत चारा व पाणी यांची टंचाई असे, त्या ऋतूंतही आता शिवारात हिरवे पीक व जवळच पाणी उपलब्ध आहे.

याच काळात चरनोई आक्रसत गेली. २००० च्या सुमारास मध्य प्रदेशात चरनोईच्या जमिनीचा काही भाग भूमिहीनांना कसण्यासाठी देण्यात आला. त्यामागील हेतू न्यायाचा होता. पण चरनोई कमी होण्याची कारणे तेवढीच नाहीत. अतिक्रमणे, खाणी व रस्ते यांनीही ती खाल्ली. गवताची जमीन गेली आणि नाल्याकाठची झुडपे तेवढी उरली. परिणामी रोहीचे विसाव्याचे ठिकाण व चरण्याचे ठिकाण यांच्यामध्ये पिकाखेरीज काही राहिले नाही. तो शेतात घुसला असे म्हटले जाते. शेतही त्याच्या कुरणात शिरले, ही त्याच गोष्टीची दुसरी बाजू आहे.

नुकसान ओळखणे

पंचनामा करताना नुकसान कोणत्या प्राण्याने केले हे ठरविणे महत्त्वाचे असते. रानडुक्कर मुसंडी मारून जमीन उकरते, मुळे-कंद बाहेर काढते. रोही जमीन उकरत नाही. तो शेंडे व घाटे वरच्यावर खुडतो आणि चालताना व बसताना पीक तुडवितो. तुडविल्याने होणारी हानी खाण्याने होणाऱ्या हानीइतकीच, कित्येकदा त्याहून अधिक भरते. त्याच्या खुराचा ठसा गुराच्या ठशापेक्षा अरुंद व लांबट असतो. जवळच लेंड्यांचा ढीग आढळल्यास शंकेला जागा उरत नाही.

कायदा आणि साहाय्य

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये रोही संरक्षित आहे. आरंभी त्याचा समावेश तिसऱ्या अनुसूचीत होता. २०२२ च्या सुधारणेने अनुसूचींची फेररचना झाली व १ एप्रिल २०२३ पासून तो दुसऱ्या अनुसूचीत आला. विनापरवाना शिकार हा दंडनीय अपराध आहे. तथापि उभ्या पिकासह मालमत्तेला धोका उत्पन्न करणाऱ्या अशा प्राण्याच्या शिकारीची लेखी परवानगी, कारणे नमूद करून, प्राधिकृत अधिकारी कलम ११ अन्वये देऊ शकतात. याशिवाय ठराविक क्षेत्रात व ठराविक मुदतीसाठी एखाद्या प्राण्याला उपद्रवी घोषित करण्याचा अधिकार कलम ६२ ने केंद्र शासनाला दिला आहे. बिहारमधील काही जिल्ह्यांपुरती अशी घोषणा डिसेंबर २०१५ मध्ये झाली. जून २०१६ मध्ये मोकामा परिसरात दोनशेहून अधिक नीलगाई मारण्यात आल्या आणि त्यावर देशभर वाद झाला.

शिकारीखेरीज दुसरा मार्ग स्थलांतराचा. देवासला लागून असलेल्या शाजापूर जिल्ह्यात व परिसरात ऑक्टोबर २०२५ मध्ये 'बोमा' या आफ्रिकी पद्धतीने प्राणी पकडण्यात आले. नरसाळ्याच्या आकाराचा, कापडी पडद्यांचा लांब आडोसा उभारून हेलिकॉप्टरच्या साहाय्याने कळप हळूहळू त्याच्या अरुंद टोकाकडे वळवितात आणि तेथून वाहनात चढवितात. या मोहिमेत नऊशेहून अधिक प्राणी हलविले गेले. त्यांतील फार मोठी संख्या काळविटांची होती आणि नीलगाई शंभराहून कमी होत्या. पद्धत सौम्य आहे, परंतु खर्चिक आहे आणि प्रत्येक गावाला ती पुरविता येणे शक्य नाही. शिवाय रिकाम्या झालेल्या जागेत चारा व आडोसा तसाच राहिला, तर शेजारचे कळप ती जागा भरून काढण्याचा संभव असतो.

पीकहानीबद्दल दोन्ही राज्यांत साहाय्याची तरतूद आहे. मध्य प्रदेशात ते राजस्व पुस्तक परिपत्रक ६ (४) नुसार महसूल विभागामार्फत मिळते, म्हणून अर्ज तहसील कार्यालयात करावयाचा असतो. महाराष्ट्रात हे काम वन विभागाकडे आहे. दोन्हीकडे विलंब न लावता अर्ज करणे, पाहणी होईपर्यंत खुणा जशाच्या तशा ठेवणे आणि बटाईने जमीन कसणाराने कागदपत्रांची आधीच खातरजमा करणे हितावह ठरते. नुकसान सोसूनही अर्ज न करणाऱ्या शेतकऱ्याचे नुकसान शासनाच्या नोंदीत येत नाही आणि नोंद नसलेल्या प्रश्नाला निधी मिळत नाही.

वर्तनावर आधारलेले उपाय

रोहीच्या सवयींचा विचार करता पुढील गोष्टी उपयुक्त ठरतात.

(१) वाटा शोधणे. पेरणीपूर्वीच लेंड्यांचे ढीग, ठसे व नाल्यातील उतार पाहून येण्याच्या वाटा निश्चित कराव्यात. संपूर्ण शिवाराला कुंपण घालणे परवडत नसेल तर प्रथम या वाटांकडची बाजू बंदिस्त करावी.

(२) कुंपणाचा खालचा भाग पक्का करणे. रोही मोठी उडी मारू शकतो, पण शक्यतो टाळतो. टेक्सासमध्ये तो कुंपणाखालील फटींतून ठराविक जागी ये-जा करतो, असे निरीक्षण आहे. म्हणून केवळ वरची तार चढवून भागत नाही. खालची तार जमिनीलगत असावी आणि ओहोळाच्या जागा विशेष काळजीने बुजवाव्यात.

(३) उपाय आलटून पालटून योजणे. बुजगावणे, फटाके, दिवे, उग्र वासाचे फवारे यांपैकी कोणताही एक उपाय काही दिवसांत निष्प्रभ होतो, कारण प्राण्याला त्याची सवय होते. जागा, वेळ व प्रकार बदलत राहिल्यास त्यांचा परिणाम अधिक काळ टिकतो.

(४) सामुदायिक जागल. एकाने हुसकावलेला कळप शेजाऱ्याच्या शेतात शिरतो. लगतच्या शेतकऱ्यांनी मिळून पाळ्या लावल्या आणि कळप कोणत्या दिशेने बाहेर काढावयाचा हे आधी ठरविले, तर श्रम वाचतात व भांडणेही टळतात.

(५) पिकांची मांडणी. नाल्याच्या व पडीकाच्या कडेला हरभरा, मूग यांसारखी आवडती पिके टाळून ती शिवाराच्या मध्यभागी, वस्तीजवळ घ्यावीत.

(६) सौर कुंपण. मान्य प्रतीच्या यंत्रातून क्षणिक झटका देणारे सौर कुंपण प्राण्याला इजा न करता परतविते. तारांना लागलेले गवत नियमाने कापावे, अन्यथा झटका क्षीण होतो. घरगुती विजेची तार थेट कुंपणाला जोडणे हा गंभीर गुन्हा आहे. अंधारात अशा तारेला माणूस, बैल किंवा स्वतःच्या घरचे मूलही चिकटू शकते. अशा अपघातांत प्राण गमावलेली माणसे बहुधा त्याच गावची असतात.

(७) चरनोईचे रक्षण. गावाने उरलेली चरनोई राखली, तिच्यावरील गवत सुधारले व तेथे पाण्याची सोय केली तर शेतावरील भार काही अंशी हलका होतो. गावच्या गुरांनाही त्याचा लाभ होतो.

शाळांसाठी

हाटपिपल्यासारख्या परिसरातील शिक्षकांना हा विषय पुस्तकाबाहेरचा उत्तम पाठ ठरू शकतो. विद्यार्थ्यांकडून शिवाराचा साधा नकाशा काढवून त्यात नाले, पडीक जमीन, पिके व लेंड्यांचे ढीग दाखवावेत. कोणत्या महिन्यात कोणत्या पिकात कळप दिसला, त्यात नर, माद्या व पाडसे किती होती, याची वही ठेवावी. नीलगाय, काळवीट व चितळ यांच्या शिंगांतील भेद समजावून द्यावा. दोन-तीन वर्षांच्या नोंदी जमल्या की त्या ग्रामसभेपुढे ठेवता येतील. कोणत्या बाजूचे कुंपण आधी करावे, हा निर्णय घेताना मुलांच्या वहीचा उपयोग होऊ शकतो. निरीक्षण दुरूनच व दिवसा करावे. पाडसांजवळ जाऊ नये.

समारोप

रोही माळव्याच्या व विदर्भाच्या भूमीचा फार जुना रहिवासी आहे. बादशहांच्या बंदुका त्याला संपवू शकल्या नाहीत. पुढे गाईच्या नावाने आणि कायद्याने त्याला आधार दिला. वाघ व लांडगा यांच्या ऱ्हासाने त्याचे शत्रू गेले. आणि बदललेल्या शेतीने त्याला बारमाही चारा दिला. या सर्व गोष्टींचा भार आज एकट्या शेतकऱ्यावर पडला आहे. तो भार वाटून घेणे हे शासनाचे कर्तव्य होय. वेळेवर पाहणी, वेळेवर साहाय्य आणि कुंपणासाठी अनुदान यांतून ते दिसले पाहिजे. शेतकरी बांधवांनीही हा प्राणी कोठून येतो व का येतो हे पाहून, एकत्रितपणे उपाय योजावेत. ज्या गावाला आपल्या शिवारातील रोहीच्या वाटा ठाऊक आहेत, त्या गावाला जागलीच्या रात्री कमी लागतील.